एक अर्धी

रजेच्या अर्जावर कारण लिहायचं असतं.
मी लिहिलं : जपान.
डॉक्टरसाहेबांनी पेन खाली ठेवला.
“कुणाचं काही आहे का तिकडे?”
नाही म्हटलं. कुणाचंच काही नाही.

पासपोर्टच्या चौकशीला जमादार आला
तेव्हा आख्खा खैरीटोला उपकेंद्राच्या ओट्यावर होता.
“सिस्टरबाई, एकटीच जासीन का?”
पुरणशाबाई नेवारेनं विचारलं. तिची तिन्ही पोरं
पहिल्यांदा माझ्याच हातात रडली,
तिला विचारायचा हक्क आहे.
“सोबत कोनीच नाही? बाप्पा!”
त्या ‘बाप्पा’त माझं सगळं आलं :
सत्तेचाळीसावं वरीस, क्वार्टरमधलं एक ताट,
दारात चपलांचा एकच जोड.

तिकडे पहिल्याच संध्याकाळी, ओसाकात,
शेवयांच्या दुकानाच्या दारात पोरगा म्हणाला, “हितोरी?”
आणि एक बोट वर केलं.
शब्द कळला नाही, बोट कळलं.
मी सवयीनं मान खाली घातली,
आता पुढचं विचारेल म्हणून थांबले.
त्यानं नुसती खुर्ची दाखवली.
एका माणसाची खुर्ची,
एका माणसाचा पेला,
आणि पर्स ठेवायला खाली एक टोपली.
मी त्या टोपलीकडेच बघत बसले
शेवया निवेपर्यंत.

डोंगरातल्या गावी गरम पाण्याचं न्हाणीघर.
अंगावरचं सगळं काढायचं, चारचौघींत.
तेवीस वर्षं मी बायांवर ओरडते,
लाजू नको, हात काढ बाजूला!
आणि इथे वीतभर टॉवेल धरून
थंड फरशीवर उभी.
मग माझंच ओरडणं मला ऐकू आलं, आणि उतरले.
समोर ऐंशीची एक म्हातारी,
पोटावर उभा व्रण, जुन्या पद्धतीचा, टाके मोठे.
मी नजरेनं मोजले, नऊ.
तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
कुणी न पाहणं इतकं ऊबदार असतं,
हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

सातव्या दिवशी मात्र भलत्याच स्टेशनवर उतरले.
पुढची गाडी दीड तासानं.
मास्तर नाही, चहावाला नाही, कुत्रंही नाही.
पलीकडे धानाच्या बांध्या,
मे महिन्यातच रोवणी झालेली,
ओळी फुटपट्टीनं आखलेल्या.
यंत्रानं लावलेले पऱ्हे कळतातच,
त्यांच्यात कुणी कुणाची चेष्टा केलेली नसते.
भाताचा गोळा सोडला, जवसाची चटणी काढली.
चिन्नोरचा वास नव्हता त्या भाताला.
आणि वाटलं, विचारावं कुणीतरी.
कुठली तू, कोणाची, जेवलीस का,
बांधापलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं.
एक बगळा होता.
त्यालाच सांगितलं : खैरीटोला, तालुका अर्जुनी मोरगाव.
तो एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला.

गोंदियाच्या स्टँडवरून दुपारची बस.
ऊन असं, की खिडकीच्या दांडीला हात लावता येईना.
नवेगावच्या पुढे डोळा लागला होता.
“किती?” कंडक्टर.
मी बोट वर केलं, आणि झोपेतच तोंडातून गेलं,
“हितोरी.”
त्यानं मशीनवर वरून खाली शोधलं,
पुन्हा खालून वर.
“हा थांबा नाही बाई या रूटवर. नवीन झाला का?”
मागच्या सीटवरची बोकड घेऊन बसलेली बाई
आमच्यासाठी विचार करू लागली, कुठे आलं हे हितोरी,
देवरीकडं तर नाही?

“खैरीटोला,” मी म्हटलं. “एक.”
“एक अर्धी,” त्यानं दुरुस्त केलं.
बायांना अर्धंच लागतं ना आता.
“सुट्टे द्या.”
पर्स उपडी केली तर निघालं
मधोमध भोक असलेलं पिवळं नाणं.
त्यानं ते उजेडाला धरलं, एक डोळा मिटला,
भोकातून बाहेरच्या कोरड्या बांध्या पाहिल्या,
चांगल्या दोन-तीन,
आणि परत दिलं.